टाळेबंदीतली हवा : काय निवळले, काय राहिले

दिवाळी संपून थंडी पडू लागली की दवाखान्यातील बाकावर खोकणाऱ्यांची गर्दी होते. नंबर येईपर्यंत मंडळींत गप्पा निघतात आणि त्यात दरवर्षी कोणीतरी हमखास म्हणतो, "लॉकडाऊनमध्ये बघा, हवा कशी काचेसारखी झाली होती. वर्षातून एक महिना सगळे बंदच ठेवले पाहिजे." शेजारचा लगेच विचारतो, "आणि खायचे काय?" तिथे चर्चा संपते.

या विषयावरचे बहुतेक लोकमत या दोन वाक्यांत आले आहे. एकाला वाटते, गाड्या थांबल्या की प्रदूषण संपते. दुसऱ्याला वाटते, शुद्ध हवा ही पोट भरलेल्यांची चैन आहे. माझ्या मते दोघांचेही म्हणणे अर्धेच खरे. २०२० च्या टाळेबंदीत शहरांची हवा सुधारली यात शंका नाही; ती ठिकठिकाणी मोजली गेली. पण किती सुधारली, कशामुळे सुधारली, आणि सगळे बंद असतानाही ती पुरती स्वच्छ का झाली नाही, याचा विचार फारसा होत नाही. दम्याच्या किंवा जुनाट खोकल्याच्या रुग्णाला त्यातला शेवटचा भाग सर्वांत उपयोगाचा आहे. आजचा लेख मुख्यतः त्यासाठी.

प्रथम जे घडले ते पाहू. चीनमधील वुहान शहर २३ जानेवारी २०२० रोजी बंद करण्यात आले. फेब्रुवारीअखेर उपग्रहांनी टिपलेली चित्रे प्रसिद्ध झाली तेव्हा पूर्व चीनवरचा नायट्रोजन डायऑक्साइड वायूचा एरवीचा दाट पट्टा विरळ झालेला दिसला. मार्चमध्ये उत्तर इटलीवर तेच दिसले. आपल्याकडे २२ मार्चला जनता कर्फ्यू झाला आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली. गाड्या, रेल्वे, विमाने, कारखाने, बांधकामे, हॉटेले एका रात्रीत थांबली. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या 'सफर' या यंत्रणेने पहिल्या काही दिवसांतच सांगितले की, नायट्रोजन ऑक्साइडचे प्रमाण पुण्यात ४३ टक्क्यांनी आणि मुंबईत ३८ टक्क्यांनी उतरले आहे. दिल्लीत धूलिकण आणि नायट्रोजन डायऑक्साइड दोन्ही टाळेबंदीपूर्व दिवसांच्या मानाने निम्म्यावर आले. एप्रिलच्या सुरुवातीला पंजाबातील जालंधरच्या लोकांना घराच्या गच्चीवरून हिमाचलमधील धौलाधारची बर्फाळ शिखरे दिसू लागली. त्या गावातल्या तरुण पिढीने ती तिथून कधी पाहिलीच नव्हती. अमेरिकेच्या 'नासा' संस्थेने उपग्रहांच्या नोंदी तपासून सांगितले की, उत्तर भारतावरील हवेतील कणांचे प्रमाण वर्षाच्या त्या दिवसांपुरते वीस वर्षांतील नीचांकावर आहे.

दिल्लीच्या आय.आय.टी.तील संशोधकांनी देशातील २२ शहरांच्या नोंदी आधीच्या वर्षांतील त्याच दिवसांशी ताडून पाहिल्या. त्यांचा हिशेब वाचण्यासारखा आहे. अतिसूक्ष्म कण ४३ टक्क्यांनी कमी, त्याहून जाड धूलिकण ३१ टक्क्यांनी कमी, नायट्रोजन डायऑक्साइड १८ टक्क्यांनी कमी, कार्बन मोनॉक्साइड १० टक्क्यांनी कमी. सल्फर डायऑक्साइडमध्ये मात्र नगण्य फरक, आणि ओझोन उलट १७ टक्क्यांनी वाढलेला. म्हणजे 'प्रदूषण कमी झाले' असे आपण एका शब्दात म्हणतो त्यात किती निरनिराळ्या गोष्टी आहेत पाहा. काही खूप उतरल्या, काही थोड्या, एक जागची हलली नाही आणि एक चढली. ताप उतरला पण नाडी तशीच आहे, असे काहीसे हे चित्र आहे, आणि डॉक्टरला अशा वेळी उतरलेल्या तापापेक्षा न उतरलेल्या नाडीची काळजी अधिक असते.

या घटकांची शरीराच्या दृष्टीने ओळख करून घेतल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. हवेतील धुळीचा जाडसर भाग नाकातल्या केसांत व घशातल्या चिकट पाझरात अडकतो. शिंक आली, बेडका पडला की तो बाहेर. दहा मायक्रॉनपेक्षा लहान कण, ज्यांना पी.एम. १० म्हणतात, ते श्वासनलिकांपर्यंत जातात. अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक कण, म्हणजे पी.एम. २.५, यांची जाडी माणसाच्या केसाच्या पंचविसाव्या-तिसाव्या हिश्शाइतकी असते. ते थेट वायुकोशांत उतरतात आणि त्यांतले सर्वांत बारीक रक्तातही शिरतात. म्हणून धुराचा संबंध केवळ खोकल्याशी नाही, हृदयविकार आणि पक्षाघाताशीही आहे. हे सूक्ष्म कण मातीतून फारसे येत नाहीत. ते जळण्यातून येतात. मग जळणारी वस्तू डिझेल असो, कोळसा असो, लाकूड असो वा कचरा. नायट्रोजन डायऑक्साइड हा वायू शहरात प्रामुख्याने गाड्यांच्या इंजिनांतून येतो. तो श्वासनलिकांच्या आतील अस्तराला सूज आणतो आणि दमेकऱ्याला त्याचा त्रास सर्वांत आधी जाणवतो.

आता एक गमतीची गोष्ट. नायट्रोजन डायऑक्साइड हवेत टिकतो तो फक्त काही तास. सूक्ष्म कण टिकतात काही दिवस, फार तर आठवडा. म्हणजे आज आपण श्वासात घेतो तो धूर बहुतांशी कालपरवाचा आहे, वर्षानुवर्षे साठलेला नव्हे. नदी नासली तर तळातला गाळ पिढ्यान् पिढ्या राहतो. जमिनीत विष मुरले तर तेही निघत नाही. हवेचे तसे नाही. तिच्यात ओतणे थांबवले की ती निवळते. म्हणूनच टाळेबंदीच्या पहिल्या आठवड्यातच आकाश निळे झाले. रोज नव्याने धूर सोडणारा कोण आहे एवढेच शोधून काढायचे असते. डॉक्टर म्हणून मला टाळेबंदीतली ही सर्वांत आशादायक बाब वाटते, आणि तिचा उल्लेख सर्वांत कमी होतो.

पण सावध राहायला हवे. फेब्रुवारी आणि एप्रिल यांची तुलना करून 'बघा किती फरक पडला' म्हणणे चुकीचे आहे. उत्तर भारताची हवा हिवाळ्यात सर्वांत वाईट असते आणि उन्हाळ्याकडे जाताना ती आपोआपच सुधारते. थंडीत जमिनीलगतची गार हवा वर चढत नाही आणि सगळा धूर झाकण घातलेल्या पातेल्यासारखा खाली कोंडतो. ऊन तापले की झाकण उघडते. शिवाय २०२० च्या मार्चमध्ये पाऊसही नेहमीपेक्षा बराच जास्त पडला होता, आणि पाऊस हवा धुऊन काढतो. इंग्लंडमधील बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या संशोधकांनी दिल्ली, बीजिंग, वुहान, लंडन, पॅरिस, न्यूयॉर्क अशा ११ शहरांच्या नोंदींतून हवामानाचा वाटा वजा करून केवळ टाळेबंदीचा परिणाम किती, हे २०२१ साली मांडले. घट खरी होती, पण अपेक्षेपेक्षा कमी. लंडन आणि पॅरिसमध्ये तर हवामान वजा केल्यावर सूक्ष्म कण थोडे वाढलेलेच आढळले. बीजिंगची गोष्ट आणखी बोलकी आहे. तिथे फेब्रुवारी २०२० मध्ये, रस्ते ओस पडलेले असताना, दाट धुरके पसरले. वारा पडला होता, दमट हवा होती आणि आसपासचे अवजड उद्योग पूर्ण थांबलेले नव्हते. आकाश काळवंडायला तेवढे पुरले.

ओझोन वाढण्याचे कारणही समजून घेण्यासारखे आहे. आकाशात फार उंचावर असलेला ओझोन आपले रक्षण करतो हे शाळेत शिकवतात. तोच वायू नाकाजवळ आला तर फुप्फुसांना भाजून काढतो. गाड्यांच्या धुरातला नायट्रिक ऑक्साइड हा वायू शहरातला ओझोन खाऊन टाकत असतो. गाड्या थांबल्या, खाणारा गेला, ओझोन वाढला. एका विषाने दुसऱ्याला दाबून ठेवले होते. त्यातून 'मग गाड्या चालू असलेल्याच बऱ्या' असा निष्कर्ष कोणी काढू नये. औषधाच्या दुष्परिणामाला भिऊन रोग कोणी जपत नाही. पण एकच चावी फिरवून सगळी हवा शुद्ध होत नाही, एवढे यातून कळते. ओझोन होतो तो उन्हात, नायट्रोजन ऑक्साइड आणि रंग, पेट्रोल, द्रावके यांतून उडणाऱ्या वाफा एकत्र आल्याने. दोन्ही कमी करावे लागते.

मुख्य मुद्द्याकडे येतो. सगळे बंद असताना दिल्लीच्या हवेत सूक्ष्म कण किती होते? घनमीटरला सरासरी चाळीस मायक्रोग्रॅमच्या आसपास. आपल्या देशाची २००९ पासूनची मर्यादा दिवसाला ६० आहे, म्हणजे त्या मानाने दिल्ली उत्तीर्ण. जागतिक आरोग्य संघटनेने सप्टेंबर २०२१ मध्ये दिलेली मर्यादा आहे दिवसाला १५ आणि वर्षाच्या सरासरीला ५. त्या मापाने, बहुतेक कारखाने आणि विमाने बंद असताना आणि रस्ते रिकामे असताना, दिल्ली दुपटीहून अधिक घाण होती. हा उरलेला धूर कुठून येत होता?

काही भाग वीजकेंद्रांचा. टाळेबंदीत विजेची मागणी सुमारे पाव हिश्शाने घटली, पण उरलेली पाऊण वीज मुख्यतः कोळशावरच होत होती. सल्फर डायऑक्साइड जागचा हलला नाही याचे हे एक उघड कारण. काही भाग शेतात आणि उकिरड्यावर जळणाऱ्या कचऱ्याचा. काही नैसर्गिक धुळीचा, ती उन्हाळ्यात वाऱ्याबरोबर येणारच. आणि एक मोठा भाग असा, की ज्याला टाळेबंदी लागूच होत नव्हती. तो म्हणजे चूल.

चुलीचा धूर घरातल्या बाईला त्रास देतो हे सर्वांना माहीत आहे. तो धुराड्यातून, कौलांतून बाहेर पडून शहराच्या हवेत मिसळतो, हे फारसे कोणी ध्यानात घेत नाही. कर्क स्मिथ या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला गुजरातच्या खेड्यांत जाऊन चुलीपुढे बसलेल्या स्त्रियांच्या श्वासात किती धूर जातो हे मोजले. तोपर्यंत प्रदूषण म्हणजे कारखान्याची चिमणी, असाच समज होता. पुढची चाळीस वर्षे या माणसाने याच विषयाला वाहिली आणि जून २०२० मध्ये, जग बंद असतानाच, त्याचे निधन झाले. तो सहलेखक असलेला एक अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यात आपल्या देशातील घराघरांतला धूर, म्हणजे स्वयंपाक, पाणी तापवणे, शेकोटी आणि रॉकेलचे दिवे, पूर्ण थांबला तर काय होईल याचा हिशेब आहे. देशाची सूक्ष्म कणांची वार्षिक सरासरी सुमारे ५५ वरून ३८ वर येईल, म्हणजे भारतीय मर्यादेच्या आत. एकाही मोटारीला वा कारखान्याला हात न लावता. मला हा आकडा प्रथम वाचला तेव्हा दोनदा वाचावासा वाटला होता.

टाळेबंदीत या धुराचे काय झाले असेल? पुरुष, मुले, शहरातून परतलेले नातलग सगळे घरात. दोन वेळचा स्वयंपाक तीन-चार वेळचा झाला. माझ्याकडे नियमित येणाऱ्या एका आजी जूनमध्ये खूप दिवसांनी आल्या तेव्हा त्यांची धाप वाढलेली होती. लोक म्हणतात हवा फार चांगली होती, असे मी सहज बोललो. त्या म्हणाल्या, "ती बाहेर असंल डॉक्टरसाहेब. मी चुलीम्होरंच होते." त्या वेळी उज्ज्वला योजनेतील कुटुंबांना एप्रिलपासून तीन सिलिंडर मोफत मिळाले, ही सरकारने केलेली फार योग्य गोष्ट होती आणि आरोग्याच्या हिशेबात तिची नोंद व्हायला हवी. पण मोफत सिलिंडर संपल्यावर पुढचा विकत घ्यायचा, तर लाकूड फुकट असते. गॅसची शेगडी फळीवर झाकून ठेवलेली आणि खाली चूल पेटलेली, असे घर आपल्या जिल्ह्यात शोधायला लांब जावे लागत नाही. चहापुरता गॅस आणि भाकरीला, पाणी तापवायला चूल, ही तडजोड बहुतेक घरांनी केलेली आहे. त्यात फुप्फुसाचा वाटा बाईच्या पदरात पडतो.

मग त्या काळात छातीचे रुग्ण कमी झाले का? झाले. दीर्घकालीन श्वासविकाराचे, ज्याला आम्ही सी.ओ.पी.डी. म्हणतो, त्याचे दाखल होणारे रुग्ण २०२० साली अनेक देशांत निम्म्यावर आले. दम्याचे झटकेही घटले. 'शुद्ध हवेचा प्रताप' असे शीर्षक देऊन या बातम्या छापल्या गेल्या, आणि इथे माझे मत वेगळे आहे. इटलीतील ५४ रुग्णालयांनी १२ ते १९ मार्च २०२० या आठवड्यात दाखल झालेल्या हृदयविकाराच्या रुग्णांची आदल्या वर्षीच्या त्याच आठवड्याशी तुलना केली. संख्या ४८ टक्क्यांनी घटली होती. एका आठवड्यात निम्म्या इटलीचे हृदय बरे होत नसते. लोक करोनाच्या भीतीने रुग्णालयात जातच नव्हते. पुरावा हा की, जे पोहोचले त्यांच्यातले मृत्यूचे प्रमाण आदल्या वर्षीच्या तिप्पट होते. ती माणसे उशिरा आली होती. दम्याचेही तसेच. शाळा बंद, तोंडाला मास्क, गर्दी नाही, म्हणून सर्दी-फ्लूचे विषाणूच फिरत नव्हते, आणि दम्याचा झटका आणण्यात त्यांचा हात फार मोठा असतो. शिवाय घाबरलेल्या रुग्णांनी एरवी चुकवलेला पंप नियमाने घेतला, हे मी माझ्या रुग्णांत पाहिले आहे. यातून शुद्ध हवेचा नेमका वाटा वेगळा काढणे अवघड आहे. जो सहज काढून दाखवतो त्याच्यावर चटकन विश्वास ठेवू नये.

धूर थांबला की आजार घटतो, याचा चांगला पुरावा हवा असेल तर तो जुना आहे आणि साथीशी त्याचा संबंध नाही. अमेरिकेतील युटा खोऱ्यातला एक पोलाद कारखाना कामगारांच्या वादामुळे ऑगस्ट १९८६ ते सप्टेंबर १९८७ बंद होता. आर्डेन पोप नावाच्या प्राध्यापकाने रुग्णालयांच्या नोंदी तपासल्या. कारखाना चालू असलेल्या हिवाळ्यांत श्वासविकाराने दाखल होणारी मुले बंद असलेल्या हिवाळ्याच्या दुप्पट-तिप्पट होती. बाकी सारे तेच होते. शाळा चालू, डॉक्टर तेच, गाव तेच. बदलली ती फक्त एक चिमणी. आयर्लंडची राजधानी डब्लिन येथे सप्टेंबर १९९० मध्ये घरोघर जळणाऱ्या धुरकट कोळशाच्या विक्रीवर बंदी आली. हवेतला काळा धूर ७० टक्क्यांनी कमी झाला आणि श्वासविकाराने होणारे मृत्यू सुमारे १५ टक्क्यांनी घटले. हृदयविकाराच्या मृत्यूंतली घट पुढच्या फेरतपासणीत टिकली नाही, श्वासविकाराची टिकली. डब्लिनमध्ये कोणी घरात कोंडले गेले नाही, कोणाची भाकरी गेली नाही. लोकांनी फक्त दुसरे इंधन वापरले.

'महिनाभर सगळे बंद ठेवा' म्हणणाऱ्यांना मी जालन्याची आठवण करून देतो. जालना हे पोलादाचे गाव. टाळेबंदीत तिथल्या कामगारांची मजुरी थांबली. मध्य प्रदेशातून तिथल्या पोलाद कारखान्यात आलेली काही माणसे भुसावळहून गाडी मिळेल या आशेने रेल्वेरुळांवरून पायी निघाली. रात्रभर चालून थकली आणि तेव्हाच्या औरंगाबादजवळ, करमाडच्या परिसरात रुळांवरच झोपली. गाड्या बंद आहेत असे त्यांना वाटले असावे. ८ मे २०२० च्या पहाटे मालगाडी आली आणि त्यांतले १६ जण गेले. त्या दिवसांतील निळ्या आकाशाचे फोटो पाहताना रुळांवर विखुरलेल्या त्यांच्या भाकरीही डोळ्यांसमोर येतात. माणसांना उपाशी ठेवून मिळालेली हवा आरोग्याच्या खात्यात जमा धरता येत नाही.

अंगावर वारंवार पित्त उठणारा रुग्ण आला की आम्ही त्याला संशय असलेले सगळे पदार्थ एकदम बंद करायला सांगतो. पित्त थांबले की एकेक पदार्थ पुन्हा सुरू करायचा: आज अंडे, चार दिवसांनी शेंगदाणे, मग वांगे. ज्याने पित्त उठेल तो गुन्हेगार. टाळेबंदीत निसर्गाने, किंवा आपत्तीने म्हणा, या पद्धतीचा पहिला भाग करून दिला. दुसरा भाग आपण केला नाही. जून २०२० पासून सगळे एकदम ताटात वाढले. नोव्हेंबर उजाडेपर्यंत दिल्लीचा हवा निर्देशांक चारशेच्या वर, म्हणजे 'गंभीर' श्रेणीत पोहोचला होता. फटाक्यांवर बंदी असतानाही. पाच-सहा महिन्यांत सगळे पूर्ववत.

हे सारे दिल्ली-मुंबईचे, आपल्याला काय त्याचे, असे वाटत असेल तर एक यादी सांगतो. केंद्र सरकारने जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम सुरू केला. हवेची राष्ट्रीय मर्यादा सतत ओलांडणारी शहरे त्यात घेतली गेली. त्यांत महाराष्ट्रातून मुंबई, पुणे, नागपूर आहेत हे ओघानेच आले. पण कोल्हापूर, सांगली, सोलापूर, लातूर, जालना, अकोला, अमरावती, जळगाव आणि चंद्रपूरही आहेत. यांतल्या बहुतेक गावांत माणूस अजून सायकलीवर बाजारात जातो. तिथली हवा बिघडायला मुंबईएवढ्या मोटारी लागल्या नाहीत.

आपल्यासारख्या गावाचा धूर शोधायला उपग्रह नको. संध्याकाळी सहा ते आठ या वेळेत गावातून एक चक्कर मारावी. भाजी मंडईमागे पेटवलेला ओला-सुका कचरा, नगरपालिकेच्या डेपोवर आतल्या आत धुमसणारा ढीग, गॅरेजसमोर तारेतले तांबे काढण्यासाठी किंवा शेकोटीसाठी जाळलेले टायर, लाकडावर चालणाऱ्या भट्ट्या, गावाबाहेर ऊस तुटून गेल्यावर पेटवून दिलेले पाचट. प्लॅस्टिक आणि रबर जळताना जो धूर निघतो तो लाकडाच्या धुरापेक्षाही वाईट. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळण्यास देशभर बंदी घातली. साध्या प्रकरणी ५,००० आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये दंड सांगितला. आपल्या गावात आजवर किती जणांकडून तो वसूल झाला, हा प्रश्न वाचकांनी आपल्या नगरसेवकाला जरूर विचारावा. पाचटाबद्दल शेतकरी बांधवांना सांगायचे तर, ते सरीत दाबून कुजवले तर खत होते आणि ओल धरून ठेवते. बरेच जण ते करूही लागले आहेत. जो जाळतो तो खतच जाळतो, आणि धूर वाऱ्याबरोबर त्याच्याच वस्तीकडे येतो.

दमा व जुनाट खोकला असलेल्यांसाठी चार शब्द. थंडीच्या दिवसांत पहाटे पाचला फिरायला जाऊ नये. ती हवा 'ताजी' असते हा समज चुकीचा आहे. रात्रभरचा धूर त्या वेळी जमिनीलगतच असतो. ऊन वर आल्यावर निघावे. उन्हाळ्यात मात्र भर दुपार टाळावी, कारण ओझोन तेव्हा वाढतो. रोज घ्यायचा पंप बरे वाटते म्हणून बंद करू नये. तो झटका येऊ नये म्हणून असतो, आलेला थांबवण्यासाठी नव्हे. साठीपुढच्या आणि दम्याच्या रुग्णांनी फ्लूची लस दरवर्षी घ्यावी. रुमाल किंवा कापडी मास्क जाड धूळ अडवतो, बारीक धूर अडवत नाही. त्यासाठी एन-९५ प्रकारचा, नाकाशी घट्ट बसणारा मास्क लागतो. दारे-खिडक्या बंद करून रात्रभर डासांची कॉईल लावणे म्हणजे झोपायच्या खोलीत छोटी भट्टी पेटवणे होय. मच्छरदाणी केव्हाही चांगली.

आणि घरात चूल असेल तर निदान पाणी तापवण्याचे काम तिच्यावरून काढावे. वेळ बहुधा तेच सर्वांत जास्त खाते. सरपण ओले वापरू नये. चुलीच्या वर कौल उघडे किंवा धुराडे असावे, आणि चूल पेटलेली असताना तान्हे मूल आईच्या मांडीवर नसावे. पुढचा सिलिंडर आणायचा की नाही याचा हिशेब घरातले पुरुष करत असतील, तर त्यांनी एक दिवस, दोन्ही वेळच्या भाकरी होईपर्यंत, चुलीसमोर बसून तो करावा.